पेनिसिलीनच्या सावलीतले दूध

कासेला हात लावला की गाय लाथ झाडते, सड गरम लागतो, पहिल्या धारेत गाठी येतात आणि दोन दिवसांत कासेचा तो भाग दगडासारखा घट्ट होतो. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडच्या गोठ्यांत या दुखण्याला ‘दगडी’ म्हणतात. पशुवैद्यकाच्या पुस्तकात त्याचे नाव कासदाह. वेळेत इलाज झाला नाही तर सड कायमचा जातो, आणि तीन सडांच्या गाईला बाजारात किंमत उरत नाही. म्हणून दगडी दिसली की घरात धावपळ होते, डॉक्टर येतात, सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली जाते. गेल्या साठेक वर्षांत हा क्रम इतका अंगवळणी पडला की त्याला काही इतिहास असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. इतिहास आहे, आणि त्यात एक विसरलेले पान आहे. दुधात जंतूंना रोखणारी द्रव्ये असतात हे पेनिसिलीन औषध म्हणून हाती येण्याच्या आधीच शास्त्रज्ञांना ठाऊक झाले होते. तशी काही द्रव्ये गाईच्या कासेत वापरूनही पाहिली गेली. मग ती बाजूला का पडली आणि आज पुन्हा का आठवू लागली? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेपेक्षा दुधाच्या हिशोबात जास्त सापडते, असे मला वाटते. आणि तो हिशोब समजून घ्यायला भीमा आणि घोड नद्यांच्या काठच्या या दोन तालुक्यांइतकी चांगली जागा दुसरी नाही.

हा मुलूख मुळात दुधाचा नव्हता. दौंडचा बराचसा भाग इंग्रजी अमदानीत भीमथडी तालुक्यात होता आणि त्याची ओळख होती ती भीमथडीच्या तट्टांसाठी. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा कोरडवाहू पट्टा. बाजरी-ज्वारीवर जगणारा आणि सावकाराच्या वहीत अडकलेला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला आणि पुढच्या मे महिन्यात भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात दख्खनच्या दंग्यांची ठिणगी पडली. शेतकऱ्यांनी कर्जाचे कागद जाळले, कारण वर्षातून एकदाच, तेही पाऊस झाला तर, हातात पैसा येणाऱ्या माणसाला मधले अकरा महिने उसनवारीशिवाय काढता येत नव्हते. ही जुनी गोष्ट इथे आणण्याचे कारण आहे. पुढे या भागात गाईने जे घडवले त्याचे मूळ या अकरा महिन्यांत आहे. खडकवासल्याच्या धरणाचे पाणी मुठेच्या उजव्या कालव्याने दौंडकडे आले. पुढे घोड नदीवर चिंचणीला धरण झाले, चासकमानचे पाणी शिरूरला पोचले. पाण्यामागून ऊस आला, पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. उसाबरोबर वाढे आले, आणि वाढे म्हणजे जनावराच्या तोंडचा घास. उरलेल्या जिरायत गावांनाही गाय परवडू लागली, कारण डेअरीचा पगार दर दहा दिवसांनी हातात पडत होता. दुधाच्या पैशाला इथे ‘पगार’ म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वी ज्याच्याजवळ वर्षाचा एकच दिवस होता त्याच्यासाठी हा शब्द केवढा मोठा आहे, हे करडे-सुप्याचा इतिहास वाचल्यावरच ध्यानात येते.

पण पगार मिळण्याइतके दूध देणारी गाय इथे नव्हती. खिलार जनावर औतासाठी आणि मोटेसाठी घडलेले. वासरू पिऊन उरेल ते घरच्या चहाला. हे चित्र पालटले ते दौंडच्या हद्दीला लागून असलेल्या उरुळी कांचनमध्ये. १९४६ साली गांधीजींनी तिथे निसर्गोपचार केंद्र सुरू केले आणि त्याची जबाबदारी तरुण मणिभाई देसाईंवर सोपवली. मणिभाईंनी आश्रमाच्या गोशाळेतून पशुपैदाशीचे काम वाढवत नेले आणि १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. होल्स्टीन आणि जर्सी वळूंचे गोठवलेले रेत शेतकऱ्याच्या दारात नेऊन गावरान गाईपासून संकरित कालवड तयार करायची, ही बाएफची पद्धत. तिच्यामुळे दिवसाला दोन-तीन लिटर दूध देणाऱ्या गाईच्या पोटी दहा-बारा लिटरची गाय जन्मू लागली. त्याआधी १९६० मध्ये पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ उभा राहिला होता, तोच लोकांच्या तोंडचा ‘कात्रज’. संकलन केंद्र, फॅटचे यंत्र आणि दहा दिवसांचा पगार अशी साखळी जुळली. मणिभाईंना १९८२ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा ही क्रांती गोठ्यागोठ्यात पोचलेली होती. तिचे ऋण मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

कारण जास्त दुधाबरोबर जास्त दगडी आली. यात कुणाचा दोष शोधण्याची गरज नाही. हा शरीराचा व्यवहार आहे. सडाच्या टोकाला एक अरुंद नळी असते आणि तिच्या आतले अस्तर जंतूंना अडवते. ज्या गाईचे दूध भराभर सुटते तिची ही नळी सैल असते आणि धार काढल्यावर ती बराच वेळ उघडी राहते. त्याच वेळी गाय ओल्या, शेणाने माखलेल्या जमिनीवर बसली की जंतू आत शिरतात. काही जंतू, म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टी, गाईकडून गाईकडे धार काढणाऱ्याच्या हाताने किंवा यंत्राच्या कपाने जातात, ई. कोलाय शेणातून येतो. दिसणारी दगडी ही यातली थोडी. तिच्याहून कितीतरी जास्त गाईंना सुप्त कासदाह असतो: दूध पांढरेच दिसते, गाय खाते-पिते, फक्त रोज लिटर-दोन लिटर कमी भरते. डेअरीत फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, मोजतात, त्यावर भाव ठरतो. दुधातल्या पेशी, ज्यांवरून सुप्त कासदाह ओळखता येतो, त्या गावच्या केंद्रावर सहसा मोजल्या जात नाहीत. जे मोजले जात नाही त्याचे पैसे कापले जात नाहीत, आणि ज्याचे पैसे कापले जात नाहीत त्यावर इलाजही होत नाही. इलाज सुरू होतो तो गाठी दिसल्यावर, आणि तेव्हा शेतकऱ्याला हवे असते एकच: उद्या-परवा दूध पुन्हा डेअरीला घालता आले पाहिजे.

आता थोडे मागे आणि बरेच दूर जाऊ. १९२२ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी नाकातल्या स्रावात एक जंतुनाशक द्रव्य सापडल्याचे जाहीर केले. त्याला त्यांनी लायसोझाइम नाव दिले. ते अश्रूंत, अंड्याच्या पांढऱ्या बलकात आणि आईच्या दुधातही होते. १९२८ साल आपण पेनिसिलीनचे म्हणून ओळखतो. त्याच वर्षी अमेरिकेत एल. ए. रॉजर्स यांनी लिहून ठेवले की दूध आंबवणाऱ्या काही जिवाणूंमधून असे द्रव्य सुटते की शेजारचे दुसरे जिवाणू वाढत नाहीत. १९३० मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या जोन्स आणि सिम्स या दोघांनी कच्च्या दुधात स्ट्रेप्टोकॉकस जंतूंची वाढ थोपवणारा घटक दाखवला आणि त्याला ‘लॅक्टेनिन’ म्हटले. १९३९ मध्ये डेन्मार्कच्या सोरेन्सन पती-पत्नींनी गाईच्या दुधातून लालसर रंगाचे एक प्रथिन वेगळे केले. आपण काय हाती धरले आहे याची पूर्ण कल्पना त्या काळी कुणालाच नव्हती; हेच ते लॅक्टोफेरिन, ज्याभोवती आजचे बरेच संशोधन फिरते. म्हणजे अठरा वर्षांच्या आत दुधाच्या संरक्षणाचे तीन-चार धागे हाताला लागले होते.

आणि अशी निसर्गातली द्रव्ये नुसती कागदावर राहिली नाहीत. १९३९ मध्येच रॉकफेलरच्या रने द्युबो यांनी मातीतल्या जिवाणूपासून ग्रामिसिडिन हे द्रव्य मिळवले. ते पेप्टाइड होते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ. तिचा दहा-वीस-पन्नास मण्यांचा तुकडा म्हणजे पेप्टाइड. ग्रामिसिडिन माणसाच्या रक्तात सोडले तर रक्तपेशी फुटत, म्हणून पोटात किंवा शिरेतून देता येत नव्हते. पण कास ही जवळजवळ बंद पिशवी आहे. सडातून आत सोडलेले औषध बरेचसे तिथेच राहते. न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बोर्डन कंपनीने मांडलेल्या गाईंमध्ये कासदाह पसरला तेव्हा ग्रामिसिडिन त्यांच्या सडांत सोडले गेले आणि अनेक गाई बऱ्या झाल्या. प्रतिजैविकांच्या इतिहासातले हे एक फार मोलाचे वळण आहे: मातीतल्या सूक्ष्मजंतूपासून मिळवलेल्या औषधाचे पहिले ठळक यश दिसले ते गोठ्यात. दहा वर्षांनी इंग्लंडमध्ये मॅटिक आणि हर्श यांनी रॉजर्सच्या त्या जुन्या द्रव्याला ‘निसिन’ नाव देऊन कासदाहावर वापरून पाहिले. १९४९ मध्ये त्यांचा अहवाल पशुवैद्यकांच्या नियतकालिकात आला. निसिन दूध आंबवणाऱ्या जिवाणूचे पेप्टाइड. दुधाच्या नैसर्गिक संगतीतले औषध. रस्ता मोकळा दिसत होता.

तो बंद झाला पेनिसिलीनमुळे, आणि हे अगदी योग्य कारणाने झाले, हे मोकळेपणाने सांगायला हवे. १९४० मध्ये फ्लोरी आणि चेन यांनी पेनिसिलीनची ताकद उंदरांवर सिद्ध केली आणि युद्ध संपेपर्यंत ते टनावारी बनू लागले. निसिन कासेत सोडले की दाह होई. पेनिसिलीनने तसे होत नसे. दुधातले घटक शुद्ध स्वरूपात मिळवायला शेकडो लिटर दूध लागे आणि हाती येई चिमूटभर भुकटी. पेनिसिलीनची बुरशी टाकीत वाढवता येत होती. भारतात ही टाकी पुण्याजवळच उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाने मोठ्या प्रमाणावर स्वतः बनवलेले हे पहिले प्रतिजैविक. न्यूमोनियाने, बाळंतरोगाने, जखम चिघळून माणसे मरत होती अशा काळात पिंपरीच्या कुप्यांनी किती घरे वाचवली याची मोजदाद करता येणार नाही. आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. याच कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार यांनी पिंपरीच्या मातीतून सापडलेल्या सूक्ष्मजंतूपासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक शोधले आणि त्या जंतूच्या नावात पिंपरी गाव कायमचे गुंफले. आपल्याच पायाखालच्या मातीत औषध असू शकते, हे भान तिथे होते. ते आपल्याच गोठ्यातल्या कासेकडे वळले नाही, कारण वळण्याची गरजच त्या वेळी कुणाला भासली नाही. साठ-सत्तरच्या दशकांत बाएफची कालवड आणि स्वस्त पेनिसिलीन एकाच सुमारास पुणे जिल्ह्यातल्या गावांत पोचले. एकीने दूध वाढवले, दुसऱ्याने त्या वाढीची किंमत काही काळ झाकून धरली.

काही काळच, कारण जंतूंनी उत्तर शोधले होते. पेनिसिलीन तोडणारे द्रव्य जिवाणू तयार करतात, हे १९४० मध्येच चेन यांच्या प्रयोगशाळेत दिसले होते. कासेतला स्टॅफिलोकॉकस त्याहून बिलंदर: तो पेशींच्या आत लपतो, स्वतःभोवती चिकट थर तयार करतो, आणि ट्यूब संपली की महिन्याभरात पुन्हा डोके वर काढतो. मग पेनिसिलीनच्या जागी अ‍ॅम्पिसिलीन-क्लॉक्सासिलीन, त्याच्या जागी सेफालोस्पोरिन असे पायरीपायरीने जड औषध येत गेले. औषध सोडल्यावर तीन-चार दिवस त्या गाईचे दूध डेअरीला घालू नये, असा नियम आहे. दोनच गाई असलेल्या घराला हा नियम म्हणजे दहा दिवसांच्या पगारातून तीन-चार दिवस वजा. तो नेहमी पाळला जाईल अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने आधी त्या घराचा हिशोब मांडून पाहावा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले तेव्हा ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. टक्क्यांत हे प्रमाण सव्वाच्या आसपास, म्हणजे घबराट व्हावी असे नाही. पण प्रतिरोध फक्त दुधाच्या पिशवीतून पसरत नाही. तो शेणातून, गोठ्याच्या पाण्यातून, धार काढणाऱ्याच्या हातांतून पसरतो, आणि जनावरावर निकामी झालेले औषध बहुतेक वेळा माणसाच्या इस्पितळातलेच असते किंवा त्याचे सख्खे भावंड. २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली ती याच भीतीने. अतिदक्षता विभागातला तो शेवटचा आधार आहे.

दुधाकडे विज्ञान परतले ते या बंद होत जाणाऱ्या दारांमुळे; तोवरही काही धागे शांतपणे चालू होतेच. १९६० मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी लॅक्टोफेरिन शुद्ध करून ओळखले. इस्रायलमध्ये लाहाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ पासून दाखवायला सुरुवात केली की दुधातले मुख्य प्रथिन केसीन, जे आपण पनीर आणि चीज म्हणून खातो, ते पाचक रसाने तोडले की त्यातून जंतुनाशक तुकडे निघतात. हे विलक्षण होते. दुधात रक्षक प्रथिने असतात एवढेच नव्हे, तर साध्या पोषक प्रथिनांच्या पोटातही रक्षक दडलेले असतात आणि पचन सुरू झाले की बाहेर पडतात. १९७७ मध्ये लॅक्टोफेरिन लोह अडवून जंतूंना उपाशी ठेवते इतकेच नाही, थेट मारतेही, हे सिद्ध झाले. १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये पतंगाच्या रक्तात आणि अमेरिकेत बेडकाच्या कातडीत जंतुनाशक पेप्टाइडे सापडली आणि सगळा विषय जोरात आला. त्या लाटेवर १९९१-९२ मध्ये जपानच्या मोरिनागा दूध कंपनीत तोमिता, बेलामी आणि सहकाऱ्यांनी लॅक्टोफेरिनवर जठरातल्या पेप्सिनची क्रिया करून २५ अमिनो आम्लांचा एक तुकडा मिळवला, लॅक्टोफेरिसिन. मूळ प्रथिनापेक्षा तो कितीतरी तिखट निघाला. त्याचे काम समजायला अवघड नाही: तुकड्यावर धन भार, जिवाणूच्या आवरणावर ऋण भार, तो आवरणाला चिकटतो, त्यात घुसतो आणि ते फाडतो. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये १९९९ मध्ये म्हशीच्या लॅक्टोफेरिनची त्रिमित रचना उलगडली गेली, हेही या कथेत सांगायलाच हवे. जगात सर्वाधिक म्हशी पाळणाऱ्या देशाने ते केले याचे मोल आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो गोठ्यातला माणूसच घेईल: दुधात एवढे पहारेकरी आहेत, तर कासेत दगडी होतेच कशी? आक्षेप अगदी रास्त आहे आणि त्याच्या उत्तरात या विषयाचे मर्म आहे. आईच्या दुधात लॅक्टोफेरिन लिटरला एक-दोन ग्रॅम असते, चिकात त्याहून बरेच जास्त. गाईच्या रोजच्या दुधात ते याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि लायसोझाइम तर नगण्य. शिवाय दुभत्या कासेत सायट्रेट भरपूर असते. लॅक्टोफेरिनने अडवून धरलेले लोह ते जंतूंना पुन्हा उपलब्ध करून देते. आपण गाईची निवड पिढ्यानपिढ्या केली ती दुधाच्या मापावर. पहारेकऱ्यांच्या संख्येवर ती कधी केलीच नाही. मात्र गाय आटली की चित्र पालटते. दूध बंद झाल्यावर काही आठवड्यांत कासेतल्या द्रवात लॅक्टोफेरिन शंभर पटींहून अधिक वाढते, सायट्रेट उतरते, आणि त्या काळात ई. कोलायला तिथे पाय रोवणे फार कठीण जाते. म्हणजे दुधाचे संरक्षण खोटे नाही. आपण कासेकडून जे काम करून घेतो त्या कामाच्या दिवसांत ते पातळ झालेले असते.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा: माणसांत काय दिसले? इथे उत्साहाला लगाम घालणेच प्रामाणिकपणाचे आहे. इटलीत मान्झोनी आणि सहकाऱ्यांनी अतिशय कमी वजनाच्या ४७२ नवजात बाळांवर चाचणी केली. तिचा निष्कर्ष २००९ मध्ये आला. ज्यांना गाईचे लॅक्टोफेरिन तोंडावाटे दिले त्यांच्यात रक्तातला जंतुसंसर्ग ५.९ टक्के, न दिलेल्यांत १७.३ टक्के. जगभर आशा पालवली, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा हा फार मोठा शत्रू आहे. मग ब्रिटनमध्ये २,२०३ बाळांवर मोठी चाचणी झाली. २०१९ मध्ये निकाल आला: २९ टक्के आणि ३१ टक्के, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीतही फायदा दिसला नाही. प्रौढांच्या गंभीर जंतुदोषावर जनुकीय तंत्राने बनवलेल्या मानवी लॅक्टोफेरिनची चाचणी तर मध्येच थांबवावी लागली. या निकालांवरून सगळा विषय मोडीत काढावा असे काहींचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण त्याचे कारण आशावाद नाही. या चाचण्यांनी विचारलेला प्रश्न असा होता की तोंडावाटे दिलेले प्रथिन रक्तातला संसर्ग टाळते का. ग्रामिसिडिनने १९४० मध्येच दाखवले होते की पेप्टाइडांची खरी जागा बंदिस्त किंवा उघड्या पृष्ठभागावर आहे: कास, जखम, त्वचा, तोंड. पोटात गेलेले पेप्टाइड पचते, रक्तात गेलेले काही मिनिटांत तुटते. जिथे औषध थेट रोगाच्या जागी ठेवता येते तिथे त्याचा विचार वेगळा करावा लागतो, आणि कास ही तशी जागा आहे.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा इशारा आहे. पेप्टाइडांविरुद्ध जंतू प्रतिरोध मिळवूच शकत नाहीत, कारण आवरण बदलणे त्यांना परवडत नाही, असा दावा या विषयाच्या प्रचारात वारंवार होतो. तो चूक आहे आणि त्याचा पुरावा समोर आहे. कोलिस्टिन हेही पेप्टाइडच. तेही जिवाणूच्या आवरणावरच घाव घालते. २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी डुकरांत आणि माणसांत असे जनुक दाखवले, जे जिवाणूच्या आवरणाचा ऋण भार कमी करून कोलिस्टिन बोथट करते आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे उडी मारते. ते जनावरांच्या खाद्यात वर्षानुवर्षे कोलिस्टिन मिसळल्याचे फळ होते. दुधातले म्हणून लॅक्टोफेरिसिन यातून सुटेल असे मानायला आधार नाही. उलट आपल्याच शरीरात त्याची भावंडे पहारा देतात. त्यांच्याविरुद्ध जंतूंना शिकवून ठेवणे महागात पडेल. नवे औषध जुन्याच सवयीने, दिसली दगडी की सोड ट्यूब या पद्धतीने, वापरले तर त्याचेही पेनिसिलीनच होईल.

उरला पैशाचा प्रश्न, आणि इथे भूगोल पुन्हा आडवा येतो. लॅक्टोफेरिन मिळते ते मुख्यतः चीज केल्यावर उरलेल्या हिरवट पाण्यातून. ज्या काळात ते पाणी ओढ्यात सोडले जाई त्या काळात त्यातून ग्रॅमभर प्रथिन काढणे परवडण्यासारखे नव्हते. आता शिरूरच्या शेजारी मंचरला आणि दौंडच्या शेजारी बारामतीला चीजचे मोठे कारखाने आहेत, आणि त्या पाण्यातले प्रथिन वेगळे काढून विकणे हा त्यांच्यासाठी रीतसर धंदा झाला आहे. म्हणजे १९५०च्या दशकात पिंपरीत बुरशीच्या टाकीने जो प्रश्न सोडवला, स्वस्त आणि भरपूर कच्चा माल, तो आज दुधाच्या बाजूनेही सुटण्याच्या जवळ आहे. तरीही शुद्ध लॅक्टोफेरिन जगात मुख्यतः बाळांच्या दूधभुकटीत आणि महागड्या पूरक आहारात जाते. कासेच्या औषधाला तो भाव पेलत नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने मधल्या काळात कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप कासदाहावर गावोगाव पोचवला, कारण तो शेतकऱ्याच्या हाताशी आहे. औषध कुठले टिकते हे शेवटी कोण ठरवतो, याचा तोही एक पुरावा आहे.

या सगळ्यात मला सर्वांत आश्वासक वाटते ते इस्रायलमधलेच काम, लाहाव यांच्या वाटेने पुढे गेलेले. गाय विण्याच्या सुमारे दोन महिने आधी तिला आटवतात. दूध थांबवल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे: कास तुंबलेली, सडाची नळी अजून मिटलेली नाही, आणि लॅक्टोफेरिन अजून चढलेले नाही. या फटीसाठीच जगभर आटवताना चारही सडांत प्रतिजैविकाची ट्यूब सोडण्याची रीत पडली, गाय निरोगी असली तरी. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून अशा सरसकट वापराला मनाई केली. सिलानिकोव्ह, लाइटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फटीत प्रतिजैविकाऐवजी केसीनचे तोडलेले तुकडे सडात सोडून पाहिले. कास झपाट्याने आटली, तिचे स्वतःचे संरक्षण लवकर चढले आणि बऱ्याच सडांतला जुना संसर्गही गेला. कळप लहान होते, अजून मोठ्या चाचण्या हव्यात, भारतीय संकरित गाईवर आणि म्हशीवर तर नक्कीच. पण या प्रयोगातल्या तुकड्यांनी जंतूंशी केलेली लढाई थोडी आणि कासेला दिलेला इशारा मोठा. दूध साचू लागले की त्यातले केसीन तुटते आणि ते तुकडेच कासेला आटण्याचा निरोप देतात. तो निरोप फक्त काही दिवस लवकर पोचवला गेला. शिरूर-दौंडच्या गोठ्यात गाय आटवण्याचे हे दिवस वर्षातून एकदा येतात. त्या दिवसांत तिचे दूध डेअरीला जात नसते आणि पगारातून काही वजाही होत नसते.